लांब पल्ल्याची गाडी

कुणाचीही गाडी समोर येऊन थांबली की बिराजदार सर आधी बॉनेटवर तळहात ठेवत. तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग मालकाकडं बघून निकाल देत, "लई पळवून राहिलास बाबा हिला. जरा दम खाऊ दे." मालक डॉक्टर असो की रिक्षावाला, मुकाट्यानं मान डोलवी. लातुरात आमच्या क्लासेसच्या गल्लीत सरांना विचारल्याशिवाय कुणी गाडी घेतली, असं मला आठवत नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते भूकंपाच्या सकाळी. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. औसा तालुक्यातलं आमचं गाव एका रात्रीत मातीचा ढीग झालं होतं. वडील त्या ढिगातच राहिले. आईला लोकांनी ओढून बाहेर काढलं, पण तिचा पाय मांडीपासून मोडला होता. सर शेजारच्या गावात नुकतेच मास्तर म्हणून बदलून आले होते. कुणाची तरी जीप मागून ते आले, आईला मागच्या बाकावर आडवं केलं, मला तिच्या उशाशी बसवलं आणि लातूरच्या दवाखान्यात पोचवलं. लगेच दुसऱ्या जखमींना आणायला परत फिरले. दिवसभर त्यांच्या खेपा चालूच होत्या. आई पुढं आयुष्यभर म्हणायची, "देव कुठं राहतो मला म्हाईत न्हाई. पण त्याला जीप चालवता येती."

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. किनवटपासून, उमरीपासून पोरं येऊन खोल्या करून राहू लागली आणि बिराजदार सर भौतिकशास्त्राचे राजे झाले. मीही त्यांच्याच वर्गात शिकले, आणि पुढं त्यांच्याच शेजारच्या वर्गात जीवशास्त्र शिकवू लागले. ऊर्जेचा धडा ते नेहमी एकाच वाक्यानं सुरू करत : "ऊर्जा फुकट मिळत न्हाई पोरांनो. तुम्ही किंमत मोजली न्हाई, तर दुसरा कुणीतरी मोजत असतो." पोरं ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवत. मीही लिहिलं होतं.

आई तोवर माझ्या धाकट्या भावाकडं, देगलूरला राहायला गेली होती. मी दर शनिवारी उदगीरमार्गे तिला भेटायला जायची. एसटीच्या धक्क्यांना कंटाळून गाडी घ्यायचं ठरवलं, आणि नव्यानं आलेल्या हायब्रीड गाडीनं मन ओढलं. अर्थातच सरांकडं गेले.

"हायब्रीड म्हणजे दोन कारभाऱ्यांचं घर," सर म्हणाले. "एक पेट्रोलचा, एक बॅटरीचा. घर चांगलं चालतं, पण कुठं? गर्दीत. ब्रेक मारला की वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवती. आता तू मला सांग, देगलूरच्या रस्त्याला तू ब्रेक किती मारणार? साठवणार काय, डोंबल? वरून बॅटरीचं वजन तेवढं वाहायचं. तुझं चालणं सगळं लांबचं. तुला साधं, दणकट डिझेल पाहिजे."

मग म्हणाले, "माझीच घे की. घरातल्या घरात राहील. पोरीसारखी सांभाळलीय."

मी गाडी घेतली, कुणाला दाखवली नाही. सरांची गाडी मेस्तरीला दाखवणं म्हणजे आईच्या स्वयंपाकाचा वास घेऊन बघण्यासारखं वाटलं असतं.

महिन्याभरात सरांच्या दारात नवी कोरी हायब्रीड उभी राहिली. मी हसून म्हणाले, "सर, तुमच्या घरात दोन कारभारी?"

"माझं चालणं गल्लीतलं, पोरी. घर ते क्लास, क्लास ते घर. क्लास सुटल्यावरची गर्दी बघतीस न्हवं? माझं गणित वेगळं, तुझं वेगळं."

ते मला पटलं. आजही पटतं. हायब्रीडबद्दल त्यांनी सांगितलेलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं, आणि खरं दुखणं तेच आहे.

गाडी अधूनमधून रेडिएटरचं पाणी कमी करायची. मी सांगितलं की सर म्हणत, "जुनी गाडी हाय, पाणी पिणारच. टाकत जा." मी टाकत गेले.

एका रविवारी सकाळी, देगलूरला, चहा पिता पिता आईच्या हातातली कपबशी गळून पडली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. तिथल्या डॉक्टरांनी बघितलं न बघितलं आणि म्हणाले, "अर्धांगाचा झटका आहे. इथं वेळ घालवू नका. नांदेडला पळवा." भाऊ आईला मांडीवर घेऊन मागं बसला आणि मी गाडी पळवली. तशी मी ती कधीच पळवली नव्हती. नायगाव मागं पडलं आणि तापमानाचा काटा लाल रेघेच्या वर गेला. बॉनेटमधून वाफ उसळली, इंजिन एकदा गुरगुरलं आणि गप्प झालं. भर उन्हात मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून हात हलवत होते. गाड्या वळसा घालून जात होत्या. शेवटी टोमॅटो नेणारा एक पिकअप थांबला. त्या माणसानं क्रेट रस्त्याच्या कडेला उतरवले आणि आईला झोपवायला जागा केली.

आई वाचली. पण बोलणं गेलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "थोडं आधी पोचायला पाहिजे होतं."

गाडी टोचन करून नांदेडच्या एका गॅरेजात नेली होती. तिथले मेस्तरी युनूसभाई गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "ही तर बिराजदार सरांची गाडी. लोह्याजवळ बंद पडली होती, तवा माझ्याकडंच आणली होती. मॅडम, हिच्या इंजिनाच्या ब्लॉकला चीर हाय, लांब पळवली की तापणारच. मी सरांना तवाच बोललो होतो, गावातल्या गावात चालवा, लांब नेऊ नका. त्यांनी सांगितलं न्हाई तुम्हाला?"

दुसऱ्याच दिवशी सर लातूरहून आईला भेटायला आले. त्यांना बघताच आईनं चालता हात उचलून कपाळाला लावला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी सरांना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले.

"सर, युनूसभाई भेटले."

सरांनी चष्मा काढला आणि नुसताच हातात धरून ठेवला. "चीर भरून घेतली होती मी," ते म्हणाले.

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर घेतली असतीस?"

"तुझं चालणं लांबचं, म्हणून ही घे, असं म्हणालात तुम्ही. आणि हीच गाडी लांब न्यायची नव्हती."

ते हळूच म्हणाले, "घेणारं कुणी मिळत नव्हतं, पोरी. इकडच्या सगळ्या मेस्तऱ्यांना ठाऊक झालं होतं. आन तू... तू काही तपासणार न्हाईस, हे मला म्हाईत होतं."

परका फसवतो तेव्हा भांडता येतं. मी आत जाऊन आईच्या पायाशी बसले. सर किती वेळ बाहेर उभे होते आणि केव्हा गेले, मला कळलं नाही. पुढं क्लासमध्ये आम्ही समोरासमोर आलो की ते वाट सोडून उभे राहत. निवृत्त होऊन ते पुण्याला मुलाकडं गेले, तेव्हा त्यांच्या सत्काराला मी गेले नाही.

आईला मी लातूरला माझ्याकडं आणलं. तिला काहीच सांगितलं नाही. भावालाही बजावून ठेवलं. हळूहळू तिचे काही शब्द परत आले. पाणी. बस. माझं नाव, अनू. आणि सर. संध्याकाळी दाराकडं बघून ती विचारायची, "सर?" मी म्हणायची, "पुण्याला गेलेत."

गेल्या उन्हाळ्यात सर गेल्याचा फोन आला. मी आईच्या खाटेवर येऊन बसले आणि तिला सांगितलं. ती ओठ जुळवू लागली. एकेक शब्द ती जणू ढिगाऱ्यातून उपसून काढत होती. आजारानंतरचं तिचं ते सगळ्यांत लांब वाक्य होतं.

"लई... चांगला... माणूस."

तिची नजर माझ्यावर खिळली होती.

"हाव, आई," मी म्हणाले.