बुडासकट

मालिंचे नावाच्या डोंगराच्या पायथ्याला आमचा बाजार भरतो. इथं अळंबी बुडासकट विकतात, मातीने भरलेली. कापून, पुसून आणलेली अळंबी आमच्यातली म्हातारी बाई हातात घेत नाही. पांढऱ्या अळंबीतली जी मारते, तिच्या बुडाशी पातळ पिशवी असते. बूड कापलं की मरण आणि जेवण सारखंच दिसतं.

त्या वर्षी चर्चच्या जत्रेचा हंडा म्हाताऱ्या होवितानं अंगावर घेतला होता. सगळी वस्ती तिच्या हातचं जेवणार होती. हंड्यातली अळंबी नेहमी सेनोबियाच्या टोपलीतली. सेनोबियाच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर होवितानंच धरलं होतं, आणि आमच्यात हे नातं बहिणीपेक्षा जवळचं. मी शेजारी निळ्या मक्याच्या तोर्तिया, म्हणजे पातळ भाकऱ्या, विकते. त्या दिवशी सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

"यांचे पाय कुठं गेले गं?" टोपलीतल्या अळंबीकडे बघत होवितानं विचारलं.

"सुनेनं कापले. शहरातल्या गिऱ्हाइकांना स्वच्छ लागतात."

"डोंगरावर कोण गेलं होतं?"

"तीच. माझे गुडघे आता चढू देतात होय?"

"आणि तू एकेक पाहिलीस?"

"पाहिली की!"

होवितानं एक उचलून तिच्या तोंडासमोर धरली. "ही कुठली, सांग."

सेनोबियानं डोळे बारीक केले. मग हात पुढे केला आणि बोटांनी चाचपू लागली.

होवितानं अळंबी टोपलीत परत ठेवली. "नको मला."

मिरच्यावाली ओदिलिया म्हणाली, "जत्रेच्या तोंडावर तिचं नाव मातीत घालतेस, बाई?"

"मातीच तर शोधतेय मी. एकीलाही नाही."

सेनोबिया म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लंस. मेलीस का?"

"मेले नाही, ते बूड बघून घेतलं म्हणून."

"मग जा! घाल वस्तीला घेवडा!"

"घालीन. हंडाभर घालीन."

आणि घातला. जत्रेच्या दिवशी माणसं ताटात बघायची, मग तिच्याकडे. नुसता घेवडा, वर मिरची. बँडवाला फेलिक्स म्हणाला, "आजी, घेवडा आमच्या घरी नव्हता का?"

"होता ना? मग घरी जाऊन खा." तिनं पळी अशी धरली होती, की तो ताट घेऊन पुढं सरकला. पण कुजबुज चर्चच्या दारापर्यंत गेली. म्हातारी फिरली, मैत्रिणीवर उलटली. होविताला ते ऐकू येत होतं. ती वाढत राहिली.

पंगत उठत आली तेव्हा सेनोबिया आली. कुणी सरकून जागा देण्याआधीच पायरीवर बसली. पहिला घास घेऊन म्हणाली, "मीठ कमी आहे."

"असू दे. खा."

तिनं ताट पुसून खाल्लं.

पुढच्या बाजाराला सेनोबियाच्या टोपलीत अळंबीचा ढीग होता, बुडासकट, ओल्या मातीनं भरलेला. सून मागे तोंड फुगवून उभी. होविता खाली बसली आणि एकेक उलटी करून बघू लागली. गिऱ्हाइकं खोळंबली. ओदिलियानं सुस्कारा टाकला. सेनोबिया मात्र आपल्या हातानं एकेक पुढे देत होती.

ढिगाच्या मध्यावर होविताचा हात थांबला. बुडाशी फाटकी पांढरी पिशवी. तिनं सेनोबियाचं बोट धरून तिथं टेकवलं.

सेनोबियानं ती अळंबी जमिनीवर टाकली आणि चपलेखाली चिरडली. सुनेकडे वळूनही पाहिलं नाही.

"पुढची बघ," ती होविताला म्हणाली.