मामांच्या सायकलीचा क्लच

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय — कुणाला तरी सांगायलाच हवी.

उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. सायकलीला छोटं पेट्रोल इंजिन बसवावं तर मीच, असं लोक म्हणतात — आणि खोटं म्हणत नाहीत. नुसता आवाज ऐकून मी दुखणं सांगतो. आजही. तर ही गोष्ट त्याच गर्वाची.

हातकणंगल्याजवळ माझ्या मामांच्या दोन म्हशी होत्या आणि गावात दुधाचा रतीब. त्यांच्या सायकलीला इंजिन मीच बसवलं. डाव्या मुठीला क्लच. तो दाबला की इंजिन चाकापासून सुटतं आणि गाडी उभी असतानाही मंद चालू राहतं. क्लच दाबून मुठीवरचा खटका लावला की तो दाबलेलाच राहतो आणि दोन्ही हात मोकळे. मामा गाडी भिंतीला टेकवायचे, दूध मापायचे, खटका सोडून पुढच्या दारी. नाहीतर दर दाराशी पायडल मारून इंजिन पुन्हा चालू करायचं — त्या वयात?

एकदा मामा गाडी घेऊन आले. "खटका लावला की इंजिन बंद पडतंय रं."

गॅरेजात चारचौघे बसलेले. मी लांबूनच ऐकलं आणि ठोकून दिलं — कार्बोरेटर! हात लावल्यावर कळलं, कार्बोरेटर ठणठणीत होता. क्लचच पुरता सुटत नव्हता. उभ्या गाडीतही इंजिन चाकाला ओढत होतं आणि दमून बंद पडत होतं. क्लच खोलायला हवा होता. पण चारचौघांत शब्द मागे घ्यायचा? मी? मी रेसचा स्क्रू आवळून इंजिनाचा वेग वाढवला. इंजिन बंद पडेना. सगळे म्हणाले, वा! मलाही बरं वाटलं — खोटं कशाला बोलू?

पण चाक अजून इंजिनाच्या तावडीतच होतं, आणि इंजिनाला मी आणखी जोर दिला होता. हे मला तेव्हाच कळत होतं. नक्की कळत होतं.

थोड्याच दिवसांत एका दारात मामा दूध मापत असताना गाडी आपोआप उसळली आणि कॅनसकट त्यांच्या अंगावर आली. उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मूठ वळेना. मूठच वळत नसेल तर धार कशी काढणार? म्हशी विकल्या. रिकामा गोठा मामी रोज झाडत राहिल्या.

दवाखान्यात मीच आधी बोललो. "मामा, खटका अर्धाच लावला हुता तुम्ही."

"व्हय रं. घाईत हुतो. माजंच चुकलं की."

आता मामा कधीमधी गॅरेजात येऊन बसतात. नवं गिऱ्हाईक आलं की त्याला आपला हात दाखवतात. "पावणं, खटका नीट लावत जावा. आमच्या भाच्याच्या कामात खोट न्हाय. मीच चुकलो हुतो." मी मान खाली घालून केबल ताणत राहतो.

त्या दिवशी पडलेली गाडी उचलायला मीच गेलो होतो. कुणी तिला हात लावला नव्हता. खटका पुरता बसलेला होता. कुणी बघायच्या आत मी तो सोडला.