पायापुरता उजेड

जयसिंगपूरहून सुटणारी संध्याकाळची एसटी मला कोल्हापुरात सोडते. तिथून उचगावची दुसरी गाडी. थांब्यावर उतरेपर्यंत साडेआठ वाजतात आणि पुढं घरापर्यंत पंधरा मिनिटं चालायचं. इतकी वर्षं कारकुनी केली, पण कामापेक्षा मला या पंधरा मिनिटांचाच जास्त वैताग येतो. त्यात पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खोदला आणि खांबांवरचे दिवेही गेले.

मोबाइलच्या उजेडात चालायचे. एका हातात तो, दुसऱ्या हातात डबा आणि भाजीची पिशवी. एका संध्याकाळी तो वाजला. नवरा होता. "कुठवर आलीस? दूध घेतलंस का?" मोबाइल कानाला लावला तसा पायाखालचा उजेड गेला आणि मी चरात पडले. घोटा टम्म सुजला, मेथी चिखलात गेली. बराच वेळ मी तिथंच बसून राहिले. दुखत होतंच, पण खरं म्हणजे उठायचाच कंटाळा आला होता.

रविवारी लंगडत शहरात गेले. ओळखीच्या एका चाचांचं दुकान आहे. पंखे-मिक्सर दुरुस्त करतात, बॅटऱ्याही विकतात. म्हटलं, "सगळ्यात लांब उजेड पडणारी द्या."

त्यांनी माझ्या पायाकडं पाहिलं. "पाय लांब मुरगळला का जवळ?"

मला हसू आलं नाही. चाचांनी दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जमिनीवर काळ्या वायरीचा तुकडा टाकला आणि मोठी बॅटरी माझ्या हातात दिली. समोरच्या भिंतीवर पांढराशुभ्र गोल पडला, डोळे दिपले. पायाजवळची वायर काही दिसली नाही. मनगटही लगेच भरून आलं. मग त्यांनी एक लहान, पिवळसर उजेडाची दिली. उजेड मंद होता, पण पसरट. वायर दिसली, फरशीची चीरही दिसली.

"पिशवी कुठल्या हातात असतीया?"

"एका हातात डबा-पिशवी, दुसऱ्यात मोबाइल."

"मग ही दोरी लावतो, गळ्यात घाला. हात मोकळं ऱ्हातील. रोज एकट्याच येता व्हय, ताई?"

मी मान हलवली आणि पैसे काढले. मी कशी चालते, हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.

घरी नवरा म्हणाला, "मोबाइलला असतीया की बॅटरी. ही कशाला आणि?" मी कुकर लावला.

सोमवारी बॅटरी गळ्यात घालून थांब्यावरून निघाले. सुजलेल्या पायानं सावकाशच चालत होते. थोड्या वेळानं मागं चपलांचा आवाज आला. वळून पाहिलं, तर माझ्याच गाडीतली, कंपनीच्या गणवेशातली एक बाई.

"तुमच्या उजेडात येऊ का? मी तर रोज अंदाजानंच चालतो."

"या की," म्हटलं आणि बाजूला सरकले. दोघी चराच्या कडेकडेनं चालत राहिलो. काम काय, घरी कोण, यातलं तिनं काही विचारलं नाही, मीही नाही. तिच्या बोळापाशी ती वळली, तेव्हा चार पावलांवरच्या तिच्या दारापर्यंत उजेड पडावा म्हणून मी थांबले. कडी वाजली, दार उघडलं. मग मी निघाले.