कारेगावहून दौंडला, दोघांना घेऊन

"फिरायला येतेस तर ये, पण माझ्याकडे बघण्यासारखं काही नाही," असं मावसबहिणीने, शैलाने, फोनवर आधीच बजावलं होतं. तरी मी चिपळूणहून निघाले. ती शिरूरला एका संस्थेत काम करते. तालुक्यात कुठे मुलं उघड्यावर पडली की पहिला फोन तिला येतो.

आमच्या कोकणातून गेलेल्या माणसाला इथलं आभाळ फार मोठं वाटतं. घाट नाही, झाडोरा नाही. नजर जाईल तिथवर सपाट रानं, मधूनच उसाचा हिरवा चौकोन. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. सकाळी शैलाने शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या, तिखट रश्शात शिजवलेल्या वळ्या) केली होती. पहिला घास घेतला आणि तिचा फोन वाजला. कारेगावला दोन भावंडं होती. ती कितीतरी दिवस एकटीच राहत होती.

"येतेस का बरोबर?" तिने विचारलं. मी ताट सारून उठले.

कारेगावात कारखान्यांच्या कामगारांसाठी बांधलेल्या चाळींच्या रांगा आहेत. दारं एकसारखी, बहुतेकांना कुलपं. एका उघड्या दारापाशी घरमालकीण मंगलबाई वाट पाहत उभ्या होत्या.

"आई कावीळ होऊन गेली ह्यांची, दिवाळीच्या आधी," त्या म्हणाल्या. "बाप म्हनला, परभणीकडनं कुनाला तरी घिऊन येतो. त्यो गेला त्यो गेलाच. फोन बंद हाय. म्या भाकर देते रोज, न्हाई म्हनत न्हाई. पन ताई, वयात येत चाललेली पोर हाय. समदीकडं एकटे गडी राहत्यात. मला रातीला झोप लागत न्हाई."

आत दीक्षा होती, अकरा वर्षांची. तिने खोली झाडून काढली होती आणि ओढणीत कपडे बांधून ठेवले होते. कडेवर तीन वर्षांचा सम्यक, सारखा खोकणारा. दौंडला त्यांची सख्खी मावशी राहते, हे शैलाने फोनाफोनी करून शोधलं होतं. मुलांना नात्यातच ठेवता आलं तर सगळ्यांत बरं, असं ती म्हणाली. मला वाटलं, चला, सुटला प्रश्न.

न्हावऱ्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. एक ट्रॉली आडवी झाली होती आणि ऊस डांबरावर पसरला होता. आमची जीप खोळंबली तेवढ्यात सम्यक माझ्या साडीवर ओकला. दीक्षाने ओढणीच्या टोकाने साडी पुसायला घेतली. "त्याला गाडीची सवय न्हाई, ताई. रागावू नका," ती म्हणाली. तिचा आवाज एखाद्या थकलेल्या बाईसारखा होता. चौफुल्याला वडे घेतले. तिने वड्यातला मऊ बटाटा काढून भावाला भरवला आणि त्याने टाकलेलं कडक आवरण स्वतः खाल्लं. तिच्यासाठी वेगळा वडा मागवला, तर तो तिने कागदात गुंडाळून ठेवला.

दौंडला रुळांपलीकडे पत्र्याच्या खोल्यांची वस्ती आहे. गाडी गेली की पत्रे थरथरतात. मावशी धावत आली, दोघांना छातीशी धरून मोठ्याने रडली. बहिणीचा अंत्यविधीही तिला गाठता आला नव्हता. एकाच खोलीत तिची तीन मुलं, अंथरुणाला खिळलेली सासू आणि पाय मोडून घरी बसलेला नवरा. मावशी धुणीभांडी करून सगळ्यांचं भागवत होती.

नवरा शांतपणे म्हणाला, "पोरीला ठिवतो. आईचं हागनं-मुतनं करंल, हिला कामाला जाता यील. बारक्याचं न्हाई जमनार."

"शाळा?" शैलाने विचारलं.

मावशी पदराचं टोक चावत भिंतीकडे बघत राहिली.

तेव्हा दीक्षा पुढे झाली. "मी करीन आजीचं समदं. सम्यकला बी राहू द्या काका. त्यो माझ्या ताटातलं खाईल."

त्या माणसाने मान खाली घातली. "जागा कुठं हाय, पोरी?"

शैला उठली, तिने पोराला उचललं आणि दीक्षाचा हात धरला. मावशी दारापर्यंत आली, पण "थांबा" म्हणाली नाही.

जीपपाशी मी शैलाला बाजूला घेतलं. "निदान एकीला तरी घर मिळत होतं! परक्यांत टाकण्यापेक्षा मावशी काय वाईट?"

"मावशी चांगली आहे," शैला म्हणाली. "पण ही उद्यापासून म्हाताऱ्या बाईची मोलकरीण होईल आणि तीन-चार वर्षांत तिचं लग्न लावून देतील. आणि भाऊ तसाही सुटेलच तिच्यापासून." तिचे डोळे भरले होते. मी जीपचं दार उघडलं आणि दीक्षाला आत घेतलं.

पुण्यात बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांनी कुठे राहायचं ते ठरवणाऱ्या मंडळापुढे) दोघांना उभं केलं. तिथली माणसं मायेने बोलली. पण सहा वर्षांच्या आतलं मूल शिशुगृहात आणि मोठी मुलगी मुलींच्या बालगृहात, यात काही बदल होणार नव्हता. शिशुगृहाच्या दारात दीक्षा तिथल्या ताईंना सांगत होती, "त्याला पालथं झोपवा. वरणात मिरची घालू नका. रडला तर पाठीवर थापटायचं, हळू." ताई मान हलवत होत्या. सम्यक त्यांच्या कडेवर गेला, तेव्हा त्याला वाटलं असावं की बहीण मागून येतेच आहे. दार लावलं गेलं आणि मग आतून त्याची किंकाळी आली. दीक्षा रडली नाही. तिने रिकाम्या कडेवर हात ठेवला आणि तशीच जीपमध्ये येऊन बसली.

मी चिपळूणला परतले. शेजारणींनी प्रवास कसा झाला विचारलं. मी उसाचं सांगितलं, मोठ्या आभाळाचं सांगितलं. बाकीचं आज लिहिते आहे. एवढी माणसं त्या दोन मुलांसाठी धावली, आणि त्यांतलं कुणी वाईट नव्हतं. मंगलबाईंनी भाकर दिली, शैलाने दिवसभर धावपळ केली, समितीने छप्पर दिलं. तरी त्या दोघांजवळ होतं नव्हतं ते एकमेकांचं माणूस आमच्या हातांनीच काढून घेतलं गेलं.

परवा शैलाचा फोन आला. दोन महिन्यांनी भावंडांची भेट घडवली होती. सम्यक अंगाने भरला आहे, खोकला गेला आहे. दीक्षा शाळेत जाते. पण तिला पाहून तो शिशुगृहातल्या ताईंच्या साडीमागे लपला आणि बाहेर येईना. दीक्षा त्याच्यापासून जरा लांब फरशीवर बसली आणि म्हणाली, "माझं नाव दीक्षा. तुझं काय?"