उजवा तळवा, रोज दहा मिनिटं

सत्तरच्या दशकात माझी पोस्टिंग डोंगराळ भागात, फौजेच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत होती. मी हवालदार, माझ्या गाडीचा ड्रायव्हर नायक किसन. दोघंही एकाच गावचे, वडनेरचे. साडेपाचला गाडीची तपासणी, सहाला कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, निघायचा. रोज तेच.

त्या दिवशी सहा चाळीसला आमची गाडी वळणावर घसरून उलटली आणि पेटली. मी बाहेर फेकला गेलो, किसन केबिनमध्ये अडकला. मी खिडकीतून त्याचा कमरेचा पट्टा धरून ओढू लागलो. मागच्या गाडीचा रेडिओ ऐकू येत होता. "व्हेइकल ऑन फायर. वन मॅन इनसाइड. ओव्हर." किसन गेला. माझा उजवा तळवा जळाला.

जखम भरली, पण व्रण आखडत गेला आणि बोटं मुठीत वळली. मला रजेवर घरी पाठवलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, "रोज दोनदा तेल लावून दहा मिनिटं व्रण अंगठ्यानं दाबून चोळा. मग बोटं सरळ ताणा. झोपताना फळीला बांधा. हयगय केली तर हात असाच राहील."

असा हात फौजेच्या कामाचा नाही आणि शेतीच्याही नाही. माझी बायको सुमन चोळायला बसायची. मी ओरडलो की रडून हात सोडायची. मी वर तिच्यावरच खेकसायचो. दुखणं माझं आणि बोलणी तिला!

मग किसनची माय आपणहून आली. विधवा बाई, किसन एकुलता. भाजीच्या वाफ्यांत राबलेले तिचे अंगठे.

"सुमन, सरक. तुह्यानं नाई होत. आन् तू काऊन ओरडतं रे? फौजी ना तू?"

ती रोज येई. मी ओरडलो तरी थांबत नसे.

तिसऱ्या आठवड्यात चोळता चोळता तिनं विचारलं, "पट्टा तुटलता ना?"

युनिटच्या पत्रात तसंच होतं. ते मीच सांगितलं होतं.

"नाई, काकी. मले चटका सहन नाई झाला. म्या सोडला."

अंगठा थांबला. शरमेनं माझी मान वर होईना. आता ही उठून जाणार, असं वाटलं.

"किती वेळ धरलता?"

"चामडी जाईपर्यंत."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग अंगठा पुन्हा व्रणावर टेकवला.

"बोटं सरळ कर. दहा मिन्टं नाई झाली अजून."

चार महिन्यांनी पंजा उघडला. करंगळी तेवढी वाकडी राहिली. मी युनिटला परतलो.

ऐंशीच्या दशकात काकी गेली. किसनच्या जागी तिच्या चितेला अग्नी मी दिला. पेटती चूड उजव्या हातात होती. ज्वाळ बोटांपर्यंत आली, पण चिता पेटेपर्यंत मी ती सोडली नाही.