नर झुडूप

दवाखान्यातल्या कंपाउंडरला थोरल्या भावाने पाकिटातून पाच बिया पाठवल्या. भाऊ दूरच्या गवताळ रानात वनरक्षक होता. सोबत चिठ्ठी: ‘इथलं फळ आहे, हल्ली क्वचितच दिसतं. लावून बघ. धरलं तर खायला येईन.’

पाचांतली एकच बी रुजली. दोन वर्षांत वर जेमतेम चार पानं. बाकी सगळा कारभार जमिनीखाली. ‘‘मुळा लावलाय का हो?’’ बायको विचारायची. चौथ्या वर्षी रानात वणवा पेटला, तो विझवताना भाऊ गेला. तेव्हापासून कंपाउंडर सुट्टीचा दिवस झुडपापाशीच काढू लागला. उन्हाळ्यात ते फुलांनी पिवळं व्हायचं, आठवड्यात अंगणभर सडा पडायचा. फळ मात्र औषधालाही नाही.

नवव्या वर्षी त्याने कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना आग्रहाने घरी आणलं. त्यांनी एक फूल उकलून पाहिलं.

‘‘काका, यात नर-मादी झुडपं वेगळी असतात. हे नर आहे. जन्मभर पाणी घातलंत तरी फळायचं नाही.’’

त्या दिवशी त्याने पाणी घातलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बायकोनेच बादली उचलली. ‘‘जाऊबाईंना फोन करा. भावजींनी त्यांच्या दारातही हेच झुडूप लावलं होतं, त्याला आता फळं येतात.’’

वहिनीने ओल्या फडक्यात गुंडाळून सहा काड्या पाठवल्या. बाईंनी दाखवलं तशी त्याने फांद्यांना चीर देऊन कलमं बांधली, दवाखान्यातल्या चिकटपट्टीने. पाच सुकली, एक जगलं.

ते फळायला दोन वर्षं गेली. तेवढ्यात त्याच्या घशात गाठ निघाली. किरणांचे उपचार झाले, आवाज बसला आणि जिभेची चव गेली ती गेलीच.

फळं धरली तीन, बोराएवढी. त्याने एक चावलं. बराच वेळ चघळून बी तळहातावर काढली.

‘‘माती नुसती,’’ तो पुटपुटला. ‘‘तू खा. आणि सांग.’’

बायकोने दुसरं तोंडात टाकलं. ‘‘तुरट आहे.’’

‘‘मग?’’

‘‘आता आंबट... थांबा, घाई करू नका. गोड लागतंय. पण अगदी बीजवळ.’’

‘‘माझ्यासाठी म्हणत नाहीस ना?’’

‘‘खोटं कशाला बोलू?’’ तिने तोंड फिरवलं.

तिसरं सकाळी पाखरांनी फोडलं. पुढच्या बहराआधीच कंपाउंडर गेला. त्या वर्षी कलमाची फांदी लगडून वाकली होती. बायकोने एकही फळ तोडलं नाही.