हिर्डोशीची पोटं आणि आळणी पेज

कुणी माझ्या छापील लेखांची चौकशी केली की मी आधी चिडतो. पोटाच्या विकारांवर लोकांनी ढीगभर लेख लिहिलेत आणि माझ्या नावावर अवघे तीन! तेही भोरात दवाखाना चालवता चालवता. पण त्यातला पहिला कसा छापून आला असं कुणी विचारलं, तर मात्र मी ऐसपैस मांडी घालून सगळं सांगतो.

इंग्रज अजून होता तेव्हाची गोष्ट. निरोगी पोटात आंबट रस किती असतो याचे आकडे पुस्तकांत असत, पण ती सगळी पोटं साहेबाची. नाचणीची भाकरी खाणाऱ्या आमच्या डोंगरातल्या माणसाचं पोट कुणी तपासलं होतं? म्हटलं, आपण तपासू. पुण्यातले वर्गबंधू म्हणाले, "अरे, तू आपला खोकल्याचं औषध दे आणि गप्प बस." झालं, माझं डोकं फिरलं! लेख छापून आल्याशिवाय पुण्यात तोंड दाखवायचं नाही, असं ठरवूनच टाकलं.

पद्धत साधी होती. माणसानं उपाशीपोटी यायचं, रबराची बारीक नळी गिळायची, वर तांदळाची पातळ पेज प्यायची. मग थोड्या थोड्या वेळानं नळीतून रस काढून मी तो तपासायचा. हिर्डोशीच्या एका म्हाताऱ्या बाबाचा ताप मी उतरवला होता, तो गावातली धडधाकट माणसं घेऊन आला. नळी पाहून एकेकाचे डोळे पांढरे झाले. "गिळा रं, साप न्हाई त्यो," म्हणत बाबानं पहिली नळी स्वतः गिळली.

पेज आमच्या घरून यायची. ती करायची माझी आत्या. तिनंच मला लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळे घरात तिचाच शब्द चाले.

निकाल बघून मी नाचायचाच बाकी होतो. सगळ्यांचा रस पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी आंबट! केवढा शोध! लेख लिहून काढला, एका माणसाचे आकडे भरायचे तेवढे राहिले. तो नळी गिळायला आला, नेमकी त्याच दिवशी मला तापाची कणकण आली. आत्यानं वाटी पुढं केली. "तुझ्या नळीवाल्याची पेज उरलीय, तीच घे." एक घोट घेतला आणि माझा ताप पळाला.

"आत्या, ही आंबट का लागतेय?"

"ताकावरची निवळ घातलीय थोडी. आणि मीठ."

"अगं, मी आळणी म्हणालो होतो ना!"

"ओरडू नकोस. रबर गिळून बसलेल्या माणसाला आळणी पेज द्यायची? आपल्या घरातून? लोक काय म्हणतील?"

मी कपाळावर हात मारला. माझा शोध म्हणजे आमच्या घरचं ताक! लेख फाडून टाकला. मी आत्याशी बोलेना, आत्या माझ्याशी बोलेना. खरं सांगतो, रडू येत होतं. सगळं पुन्हा करायचं तर त्या माणसांनी पुन्हा नळी गिळायला हवी, आणि भातकापणी तोंडावर आलेली.

शेवटी उठलो आणि हिर्डोशीची वाट धरली. बाबाच्या अंगणात सगळ्यांना बसवून झालं ते सांगून टाकलं. माणसं बाबाकडं बघू लागली. मग बाबा जो हसत सुटला!

"म्हंजी डाक्तर, प्वाट आमचं आन् ताक तुमच्या आत्याबाईंचं व्हय!"

माणसं हसून हसून लोळली. "येतू की आमी," बाबा म्हणाला, "पर आत्याबाईंना इचारा, नळी काढल्यावर काय देनार?"

घरी येऊन हा निरोप दिला आणि आत्याचा रुसवा पार गेला. आळणी पेज तिनं तोंड वाकडं करून केली, मी ती चाखून बघितली, आणि नळी निघाली की प्रत्येकापुढं गरम मऊ भात, मेतकूट आणि वर तुपाची धार. या खेपेला माणसं आली ती आधीपेक्षा जास्त! दवाखान्याचं नुसतं लग्नघर झालं.

आकडे मात्र निघाले अगदी पुस्तकातल्यासारखे. शोधबिध काही नाही. तरी लेख लिहिला, मुंबईच्या एका मासिकाला पाठवला आणि रोज पोस्टमनची वाट बघत बसलो. छापून आला! अंक हातात पडला तेव्हा मी भर रस्त्यात उडी मारली. आत्यानं देवापुढं साखर ठेवली.

अंक घेऊन तसाच हिर्डोशीला गेलो. नळी गिळलेले सगळे अंगणात जमले. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत होतो, तेवढ्यात बाबानं हात वर करून मला थांबवलं.

"म्हंजी सायबाचं प्वाट आन् आमचं प्वाट सारकंच?"

"अगदी सारखं."

"तसं छापलंय?"

"इंग्रजीत छापलंय, बाबा."

बाबानं एकवार सगळ्यांकडं बघितलं. मग मला म्हणाला, "मंग सायबाला येवडं लागतं कशाला?"